खुशाल मिस्त्रीनं पेच फिरवला तो दिवस

नागभीडला माझं शिलाईचं दुकान होतं आणि समोर खुशाल खोब्रागडेंचं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर टिनं आणि बाजूला एक मोहाचं झाड. चिमूरपासून ब्रह्मपुरीपर्यंतचे ड्रायव्हर त्यांच्याकडे येत, कारण खुशालभाऊ इंजिन खोलण्याआधी बराच वेळ नुसतं ऐकत. बोलायचे कमीच.

१९८४ च्या जुलैत लच्छू आपली जुनी अँबेसिडर घेऊन आला. ती भाड्यानं चालायची.

"भाऊ, चालताना काई नाई. ब्रेक मारून थांबवली का बंद पडते."

खुशालभाऊंनी बोनेट उघडून कान दिला. पण त्या दिवशी लेकीला पाहायला पाहुणे यायचे होते आणि बायकोचे, केसरबाईंचे, दोन निरोप येऊन गेले होते. त्यांनी कार्बोरेटरचा पेच थोडा फिरवून इंजिनचा स्लो, म्हणजे गाडी उभी असतानाचा वेग, वाढवला. गाडी उभी राहूनही चालू राहिली.

"हे आजच्यापुरतं हाय लच्छू. इंजिन कुठून तरी हवा खाऊन राह्यलं. उद्या आन, खोलून पाहू."

"आनतो," लच्छू म्हणाला. पण गाडी बंद पडेना, म्हणून तो आलाच नाही. खुशालभाऊंनीही निरोप धाडला नाही.

नवव्या दिवशी तलावाकाठच्या टोल्यावर, ढिवरांच्या वस्तीत, सुकलू ढिवराच्या बायकोला, कुंताला, धानाच्या रोवणीच्या बांधीत साप चावला. नाग होता. सुकलूनं मंत्रवाल्याकडे नेलं नाही, धावत येऊन लच्छूची गाडी केली. ब्रह्मपुरीच्या दवाखान्याकडे निघाले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. रेल्वेचं फाटक बंद होतं. लच्छूनं ब्रेक मारला आणि इंजिन बंद पडलं.

मालगाडी गेली, फाटक उघडलं, पण गाडी सुरू होईना. लच्छूनं इतकी चावी मारली की बॅटरी बसली. लोकांनी धक्का दिला. इंजिन धरायचं आणि पाय काढला की पुन्हा मरायचं. मागच्या सीटवर कुंताच्या पापण्या जड होत चालल्या होत्या. सुकलू तिला नावानं हाका मारत होता. अर्ध्या तासानं गाडी निघाली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर कुंतानं जीव सोडला. डॉक्टरांना सुकलूनं विचारलं, लवकर आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी लच्छू गाडी घेऊन आला. झालेलं सगळं त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. खुशालभाऊंनी वाटीभर साबणाचं पाणी केलं, इंजिन चालू करायला लावलं आणि कार्बोरेटरच्या बुडाशी चिंधीनं ते पाणी सोडत गेले. एका कोपऱ्यात पाणी आत ओढलं गेलं आणि इंजिनचा आवाज बदलला, क्षणभर नीट झाला. त्यांनी कार्बोरेटर उतरवला. खालचं पॅकिंग चिरलेलं होतं, चीर नऊ दिवसांत वाढून करंगळीच्या नखाएवढी झाली होती. तिथून फालतू हवा आत जायची. जाड कागदाचं नवं पॅकिंग कापून त्यांनी बसवलं, पेच पुन्हा पहिल्या जागी आणला. मग गाडी वीस वेळा चालवली, वीस वेळा थांबवली. एकदाही बंद पडली नाही.

"भाऊ, हे सुकलूले सांगू नोका," लच्छू म्हणाला. "कोनाले काय माहीत होते?"

"मले माहीत हाय नं," खुशालभाऊ म्हणाले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ते सायकलनं टोल्यावर गेले. एकटं जाववेना म्हणून मला सोबत घेतलं. सुकलू अंगणात जाळं सांधत बसला होता. त्याच्या म्हाताऱ्या आईनं, बुधरीबाईनं, पाणी दिलं. खुशालभाऊंनी ते हातातच धरून ठेवलं.

"सुकलू, त्या गाडीतला बिघाड माह्या हातात आला होता. मी तो शोधला नाई. दाबून टाकला. पाहुणे येनार होते घरी."

सुकलूनं सुई थांबवली. "शोधाले किती वेळ लागला असता?"

"अर्धा तास."

"आम्ही फाटकावर तेवढाच वेळ होतो," सुकलू म्हणाला. सुई पुन्हा जाळ्यात घालत तो म्हणाला, "तुम्ही सांगाले आले, बरं केलं. पन आता इथी येऊ नोका, भाऊ. तुमाले पाह्यलं का मले ते फाटक दिसन."

परतताना खुशालभाऊ सायकलवर बसलेच नाहीत. साऱ्या वाटेनं हातात धरून चालले.

लेकीचं लग्न त्याच पाहुण्यांच्या घरी झालं. मांडवात ते खांबाला टेकून उभे होते. लेकीला वाटलं, बाबाला हे घर पसंत नाही. ती सासरी जाताना म्हणालीही, "बाबा, नाराज हाय का माह्यावर?" ते तिच्या डोक्यावर हात ठेवून फक्त "नाई वो माय" म्हणाले.

नंतर त्यांनी अर्धं काम करून एकही गाडी सोडली नाही. घाईतले ड्रायव्हर कंटाळून दुसरीकडे जाऊ लागले. कोणी म्हणे, मिस्त्रीचं डोकं फिरलं. भाऊ ऐकून घेत. १९८८ मध्ये छातीच्या दुखण्यानं ते गेले तेव्हा गॅरेजात एकच जीप उभी होती, शेजारी तिचे सुटे भाग ओळीनं मांडलेले.

मौतीला माणसं पुष्कळ होती. सुकलू आला नाही. बुधरीबाई मात्र कोसभर चालत आली. केसरबाईंजवळ बसली आणि दिवस मावळेपर्यंत तिनं त्यांचा हात सोडला नाही.