शिडी आखडली कशी

रंगारीकाकांनी आयुष्यात दोनच गोष्टींवर डोळे झाकून विश्वास ठेवला: आपल्या शिडीवर आणि शिकलेल्या माणसांवर. शिडीने अडतीस वर्षांत एकदाही दगा दिला नाही. शिकलेल्या माणसांचं काय झालं, तेच सांगायचं आहे.

शिडी लाकडी, एकसंध, अठरा फूट. तिच्यावर चढून काकांनी शाळेच्या भिंती रंगवल्या, दवाखान्याचा दर्शनी भाग रंगवला, पाण्याच्या टाकीवर तीन वेळा पांढऱ्या रंगाचा हात दिला. मदतनीस ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून खाली शिडी धरायला काकू. आता काकांनी सहासष्टी गाठली होती, गुडघे कुरकुरत होते आणि काम थांबून वर्ष झालं होतं. पण शिडी काढून टाकायचं नाव काढलं की काका म्हणत, "राहू दे. कधी लागली तर?" हे शेवटचे तीन शब्द ऐकले की काकू ताट सारून उठायच्या.

इमारतीमागे काकांची एक शेड होती, दोन्ही टोकांना दार असलेली, लांबीला सोळा फूट. आडवी, तिरकी, कोपऱ्यातून कोपऱ्यात, सगळं करून झालं, तरी शिडीचं नाक बाहेर राहायचंच. त्या नाकाला सोसायटीच्या अध्यक्षबाई अडखळल्या. त्यांनी फर्मान काढलं: रविवारी संध्याकाळी शेडची दोन्ही दारं बंद दिसली पाहिजेत, नाहीतर सोमवारी शिडी भंगारात.

काकू म्हणाल्या, "वरचे दोन फूट कापून टाका, मिटली कटकट."

"शिडी कापतात होय? त्यापेक्षा माझं नाक काप!"

आणि काका तरातरा चष्म्याच्या दुकानात गेले.

दुपारी त्या दुकानात गिऱ्हाईक नसायचं, सापेक्षतावाद असायचा. चष्मेवाला आणि भूगोलाचे निवृत्त मास्तर, दोघांत मिळून एक जुनं पुस्तक होतं. त्याची शिवण मधोमध उसवलेली. पहिला अर्धा भाग मास्तरांनी वाचला होता, दुसरा चष्मेवाल्याने. त्यामुळे वादाला कधीच तोटा नव्हता. त्या दिवशी काकांची अडचण ऐकली मात्र, दोघांच्याही डोळ्यांत चमक आली.

"सोपं आहे," मास्तर म्हणाले. "धावती वस्तू लांबीला आखडते. शिडी घेऊन पळत शेडमध्ये शिरा. आम्ही बाहेरून बघू तेव्हा ती सोळा फुटांचीच असेल."

"बाहेरून!" चष्मेवाला उसळला. "पळणाऱ्याला विचारा. तो म्हणेल शिडी आहे तेवढीच आहे, शेडच आखडली."

"म्हणजे दोघंही एकमेकांना लहान म्हणणार?" काकांनी विचारलं.

"आणि दोघांचंही बरोबर."

"मग हे आमच्या घरी रोजचंच आहे."

मास्तरांनी बिलाच्या पाठीवर गणित मांडलं. वेग निघाला सेकंदाला एक लाख सदतीस हजार किलोमीटर. काकांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"आणि त्याहून कमी पळालो तर?"

"तर कमी आखडेल. केसाच्या कोट्यांश भागाहूनही कमी."

"पण आखडेल ना?"

"आखडेल."

"मग झालं तर!" काकांनी मांडीवर थाप मारली. "एका हातात कधी रंग बसतो का? पहिला हात पातळच असतो. तो वाळू द्यायचा, वर दुसरा मारायचा, मग तिसरा."

थांबलं की सगळं होतं तसं होतं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. पण पहिल्या अर्ध्या भागात लिहिलं होतं, हे पुढे येईल. आणि दुसऱ्यात लिहिलं होतं, हे मागे आलंच आहे.

काकूंनी हे ऐकून कपाळावर हात मारला. "अहो, दुधाची पिशवी आणताना तुम्ही दोनदा कठड्यावर बसता!"

रविवारी सकाळी काका शिडी खांद्यावर घेऊन सज्ज झाले. मागच्या दाराशी मास्तर, पुढच्या दाराशी चष्मेवाला. शिडी आत आली की दोघांनी एकाच क्षणी दारं लावायची. पहिल्या हाताला चष्मेवाल्याने घाबरून दार आधीच लावलं. शिडी धाडकन आदळली आणि काका जमिनीवर बसले. दुसऱ्या हाताला त्याने दार लावलंच नाही आणि काका सरळ अध्यक्षबाईंच्या कुंड्यांपर्यंत गेले. तिसऱ्या हाताला काका चालतच होते. मास्तरांनी दार लावलं, ते काकांच्या पाठीत बसलं.

"तुम्ही उशीर केलात!" मास्तर ओरडले.

"मी वेळेवरच लावलं! पळणाऱ्याच्या दृष्टीने दोन दारं एका वेळी लागतच नाहीत. तेच तर माझ्या अर्ध्यात लिहिलंय!"

"कुठे लिहिलंय? दाखवा!"

दोघं तावातावाने दुकानाकडे गेले. मागे राहिले काका, काकू आणि दारातून दोन फूट बाहेर आलेली शिडी. काका धापा टाकत त्या टोकावर बसले. काकू शेजारी बसल्या.

काका म्हणाले, "मी वर असताना तुला केवढा दिसायचो गं?"

काकूंनी चिमटीत दाखवलं. "एवढासा."

"तूही मला एवढीशीच दिसायचीस."

"पण माझे पाय जमिनीवर असायचे," काकू म्हणाल्या. "अडतीस वर्षं मान वर करून उभी राहिले मी. वरून कधी हा एवढासा निसटेल, एवढाच विचार. तुम्ही पुरते मोठे होऊन खाली उतरलात की मग मला दोन घास जायचे. आता सुटले म्हटलं, तर तुमचं रोज आहेच, कधी लागली तर, कधी लागली तर."

काकांना फार वाईट वाटलं. अडतीस वर्षांत आपण वरून फक्त भिंत बघितली, असं त्यांच्या मनात आलं. मग ते उठले आणि करवत घेऊन आले. काकूंनी शिडी धरली, नेहमीसारखी.

तासाभराने मास्तर आणि चष्मेवाला पुस्तकाचे दोन्ही भाग घेऊन परतले, तर शेडची दोन्ही दारं बंद! त्यांनी एक दार किलकिलं करून पाहिलं. शिडी आत, ऐसपैस. भुसा काकूंनी झाडून टाकला होता.

मास्तरांनी हळूच विचारलं, "कितव्या हाताला?"

"चौथ्या," काका म्हणाले.

"फार पळावं लागलं?"

"छे. बसल्या बसल्या झालं."

चष्म्याच्या दुकानात अजून वाद चालू आहे. मास्तर म्हणतात शिडी आखडली, चष्मेवाला म्हणतो शेड लांबली. काकांना विचारलं तर ते म्हणतात, हिला विचारा, ती खाली उभी होती. कापलेल्या दोन पायऱ्या काकूंच्या स्वयंपाकघरात भिंतीवर आहेत, त्यांच्यावर हातपुसणी वाळतात. अजूनही कुणीतरी उंच छताचं काम घेऊन दारात येतं. काका त्या दोन पायऱ्यांकडे बघतात आणि सांगतात, "नाही हो, आमची शिडी तिथवर पोचत नाही आता." त्या दिवशी काकूंना जेवण बरं जातं.