बाजाराच्या दिवशीचा शेवटचा तास

चंद्रपूर स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्याकडे एक कपड्यांची बॅग आणि एक प्रोजेक्टरची पिशवी होती. ईशा, निहार, तुमच्या बाबाने फोनवर तीनदा विचारलं होतं, "आई, या वयात कशाला?" मी त्याला सांगितलं, कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म घालवला, शिकवायला बोलावलं तर जाणारच.

बोलावणं धानोऱ्याचं होतं, गडचिरोलीच्याही पुढे. एसटीत कंडक्टरने विचारलं, "बाई, कुठी जाऊन राह्यल्या?"

"धानोऱ्याला. कॉलेजच्या ग्रंथपालांना शिकवायला."

"पुस्तकं वाटाले बी शिका लागते काय?"

मागच्या सीटवरून एक बाई म्हणाली, "तुले तिकीट फाडाले शिकवलं का नाई?" अख्खी गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि माझी पिशवी त्याने स्वतःच्या सीटखाली नीट ठेवली.

वैनगंगेचा पूल ओलांडला आणि पुढे साग आणि बांबू रस्त्याच्या अगदी कडेला आले. धानोऱ्याला वनिता न्यायला आली होती. ती तिथल्या कॉलेजची ग्रंथपाल, चाळिशीची, भराभर चालणारी. तिच्या घरी भात, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि सांभाराची (आपल्या कोथिंबिरीची) चटणी जेवले. जेवताना तिने सगळं सांगितलं. माहिती कशी शोधायची आणि तपासायची, हे मुलांना शिकवायला तिला वेळापत्रकात आठवड्याला एक तास हवा होता. प्राचार्य म्हणाले होते, "आधी एक तास घेऊन दाखवा. जमलं तर देऊ, नाही तर विषय संपला." तो तास दुसऱ्या दिवशी होता.

"मी घेतोच, मॅडम," वनिता म्हणाली. (इथल्या बायका स्वतःविषयीही 'घेतो', 'जातो' असंच बोलतात.)

संध्याकाळी तिचं ग्रंथालय पाहिलं. लख्ख झाडलेलं, पण प्रत्येक कपाटाला कुलूप. मुलांनी काचेतून बोट दाखवायचं, मग ती पुस्तक काढून देणार.

"कपाटं उघडी ठेवत नाहीस?"

"नाई. एक पुस्तक हरवलं तरी जाब मलेच द्या लागते."

मी पुष्कळ समजावलं. तिने किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी माझा प्रोजेक्टर लावला. मुलं दाटीवाटीने बसली होती, प्राचार्य मागच्या खुर्चीवर. प्रश्न होता, साठवलेल्या मोहफुलांना बुरशी का लागते? वनिताने शोधायला सुरुवात केली आणि नेट गेलं. पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं. मुलं खुसखुसायला लागली.

प्राचार्य उठले. "नेट आलं की कळवा."

"थांबा न, सर." वनिताने कमरेचा जुडगा काढला. एकेक कपाट उघडत गेली. बिजागऱ्या करकरत होत्या. "जा, हुडका. जे पुस्तक कामाचं वाटते ते घ्या. अन् त्याच्यावर भरोसा काऊन ठेवायचा, ते सांगा."

आधी कुणी हललंच नाही. मग सगळी एकदम उठली. प्राचार्यांनाही वाटेतून बाजूला व्हावं लागलं.

थोड्या वेळाने एक मुलगी दोन पुस्तकं घेऊन आली. "मॅडम, या दोघाईत येगयेगळं लिहून आहे."

"मंग खरं कोणाचं?"

"माह्या आजीचं!"

हसण्याने खोली भरली. वनिताही हसली, पण तिने सोडलं नाही. "आजीचं काऊन खरं, ते पुस्तकातून दाखव. कोणं लिहिलं, कधी लिहिलं, कुठची फुलं पाह्यली." मुलं पानं उलटायला लागली. एका पुस्तकातला प्रयोग कोरड्या मुलखातला निघाला, आणि वाद आणखी रंगला.

घंटा झाली, पुस्तकं परत लागली. वनिता कपाटं बंद करायला गेली आणि थबकली. एका फळीवर एका पुस्तकाची जागा रिकामी दिसत होती. तिचा चेहरा पडला. तिने मुलांकडे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. प्राचार्य काखेत पुस्तक घेऊन बाहेर पडत होते.

"सर, नोंद केल्याशिवाय पुस्तक बाहेर जात नाई."

प्राचार्य वळले, पुस्तकाकडे पाहिलं आणि मुकाट्याने येऊन सही केली. जाता जाता म्हणाले, "बाजाराच्या दिवशी शेवटचा तास रिकामा आहे. तो घ्या."

ते गेल्यावर मी चिडले. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारनंतर कॉलेजात कोण थांबणार?

"तास भेटला न, मॅडम," वनिता म्हणाली. "पोरं मी आणतो." बाकीच्या कपाटांना तिने नेहमीसारखं कुलूप लावलं. मोहफुलाचं पुस्तक होतं ते कपाट मात्र उघडंच राहिलं.

परतीच्या गाडीत मी माझी टिपणं काढली. पहिल्या पानावर प्रोजेक्टर कसा लावावा हे होतं. ते पान शेवटी नेलं. पहिल्या पानावर लिहिलं, कपाटं उघडा.

काल वनिताने फोनवर एक फोटो पाठवला. बाजाराच्या दिवसाचा, शेवटच्या तासाचा. मुलं जमिनीवरसुद्धा बसली आहेत. सगळी कपाटं सताड उघडी, आणि त्यांच्या कड्यांना बाजाराच्या रिकाम्या पिशव्या टांगलेल्या आहेत.