मागच्या दाराने कोणीही गेलेले नाही

"आप्पा गुरुजींनी पोरं पळवणाऱ्याला घरात लपवलं आणि मागच्या दाराने काढून दिलं."

हा मजकूर प्रथम आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला, तेथून नवापूर-विसरवाडीपर्यंत फिरला. मग सुरतेहून मुलाचा फोन आला. त्याने खरे काय ते विचारले... मला! म्हणून लिहिणे भाग आहे.

मी विज्ञानाचा शिक्षक. बावीस वर्षे सातपुड्यातल्या शाळांत काढली. भूत, भानामती, चमत्कार यांतले काहीही मी कधी मानले नाही. या प्रसंगाला जे आता हात जोडू लागले आहेत, त्यांच्याशीही माझे भांडण आहे.

नंदुरबारच्या कडेला, मिरची वाळवण्याच्या पथाऱ्यांपलीकडे आमची कॉलनी. होळीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी ग्रुपवर एक फोटो आला. उघडा माणूस, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरू. खाली अॅडमिन दिलीपची सूचना — ओळख लपवायला रंग फासला आहे, दिसताच पकडा.

या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने हे लिहावे! तो नवसाचा बावा होता. डोंगरात होळीचा नवस फेडणारे पाच दिवस असेच फिरतात, दारोदार फाग, म्हणजे होळीचे दान, मागतात. आमच्या लोकांना डोंगरातल्या आदिवासींचे मिरची खुडणारे हात तेवढे ठाऊक. त्यांची होळी ठाऊक नाही.

तो माझ्याच दारात आला. वयाने माझ्याएवढा. पाणी मागितले. मी खुर्ची पुढे केली, पण नवसात उंचावर बसत नाहीत. तो आतल्या खोलीत जमिनीवर बसला. मी तांब्या दिला, तेवढ्यात गल्लीत गलका झाला. तीच खुर्ची मी उंबऱ्यात ठेवली आणि तीवर बसलो.

वीसेक माणसे, निम्म्यांच्या हातांत काठ्या. दिलीप पुढे होता.

"आप्पा, बाजूले व्हा. तुम्हले डोंगरनी हवा बाधनी शे."

"मन्हा घरमा तो पानी पी ऱ्हायना. त्याले हात लावाना आगोदर माले लावा."

कोणी हात लावला नाही. कोणी हललेही नाही. मी तेथूनच पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत आतून घुंगरू वाजत होते — अधूनमधून, माणूस बसल्या जागी कूस बदलतो तसे. हे सर्वांनी ऐकले. "आयका, मझारच शे," आतच आहे, असे दिलीपच म्हणाला.

पोलीस आले, तेव्हाच मी उठलो. घर दोन खोल्यांचे. जमिनीवर रिकामा तांब्या, फरशीवर पांढरा डाग. खिडक्यांचे गज जागच्या जागी. माणूस नाही. पोलिसांनी पलंगाखाली पाहिले, दिलीपने तर धान्याची कोठीही उघडून पाहिली.

दुसऱ्या सकाळी 'मागचे दार' जन्माला आले. आता कॉलनीची कमिटी माझ्याकडून लेखी माफीनामा मागते आहे. न दिल्यास माझ्याशी कोणी संबंध ठेवू नये, असा ठराव करणार म्हणे. खुशाल करावा. तो कोठे गेला, हे मला सांगता येत नाही. हे मात्र मी सहीनिशी लिहून देईन. पोरे पळवणाऱ्याला मी पळवले, हे लिहून देणार नाही.

माझ्या घराला मागचे दार नाही. मागे दोन घरांत मिळून एकच भिंत आहे, आणि तिच्या पलीकडे दिलीप राहतो.