गुलमोहराचं स्वेटर

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक गुलमोहर आहे. आज कुणालाही विचारलंत तर तो देवीचं झाड म्हणून दाखवेल. गुलमोहराची पूजा करतात, असं मी जन्मात कुठे ऐकलं नव्हतं. पण या सगळ्याची सुरुवात माझ्या हातून झाली असं लोक मानतात. ते चांगलं झालं की वाईट, याचा मला अजून पत्ता लागलेला नाही.

लोकरीपासून सांगते, कारण या प्रकरणात तेवढंच मला नीट कळतं. नव्वदच्या दशकात नाशिकरोडला थंडी पडली की आम्हा बायकांच्या हातात सुया यायच्या. शाळेच्या फाटकापाशी, दवाखान्याच्या बाकावर, दूरदर्शनसमोर सुलट-उलट चालूच. कुणाला दिवस गेल्याचं कळलं की पिवळ्या लोकरीची चौकशी सुरू व्हायची. मी क्रोशावाली. साखळ्या आणि खांब मोजताना मला समोरचं काही ऐकू येत नसे, आणि नवरा नेमका तेव्हा माझ्याकडून वाट्टेल ते कबूल करून घ्यायचा. पुढे तयार स्वेटरं रस्त्यावर ढिगाने मिळायला लागली, मुलांना आईच्या हातचं टोचायला लागलं आणि उरलेले गोळे उशीच्या अभ्र्यात बांधून माळ्यावर गेले.

दोन हजार साल उलटून सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हा आमचा रस्ता रुंद करायचं ठरलं. कडेच्या झाडांवर पांढऱ्या रंगात आकडे पडले. गुलमोहरावरही पडला. त्याच्या खाली इस्त्रीची गाडी असायची. ती चालवणारी बाई मूळची निफाडकडची. आम्ही तिला मावशी म्हणायचो, ती आम्हाला ताई. नवरा गेल्यावर तिने कोळशाची इस्त्री हातात घेतली ती पंधरा वर्षं खाली ठेवली नव्हती. गुलमोहराच्या खोडात तिने एक भला मोठा खिळा ठोकला होता, आणि इस्त्री झालेले शर्ट-साड्या हँगरला अडकवून त्यावर टांगलेल्या असत. झाडावर आकडा पडला त्या दिवशी ती मला म्हणाली, "झाडाच्या आडोशाला हाय म्हणून मला कोणी ऊठ म्हणत नाय, ताई. झाड गेलं की मी रस्त्यातच आले."

त्याच सुमारास शेजारणीची भाची सुट्टीला आली होती. मुंबईत चित्रकला शिकायची. तिने कॉम्प्युटरवर आम्हाला फोटो दाखवले. परदेशातल्या बायकांनी झाडांना, खांबांना, चक्क पुलाच्या कठड्यांना रंगीत लोकरीने विणून काढलं होतं. कुठे झाडं वाचवायला, कुठे दवाखान्यासाठी मदत गोळा करायला. मला ते सगळं बिनकामाचं वाटलं आणि हातही शिवशिवले. एवढी लोकर बघून हात शिवशिवणार नाहीत तर काय होणार? आम्ही आठ जणींनी माळ्यावरचे अभ्रे खाली काढले.

ठरलं असं, की प्रत्येकीने एक वीत चौकोन विणायचा. पण वीत प्रत्येकीची वेगळी. कुणाचा चौकोन रुमालाएवढा, कुणाचा बशीएवढा. ते जोडताना नाकी नऊ आले. वर मी खोडाचं माप नाडीने घेतलं आणि लोकर ताणते हे पस्तीस वर्षं विणून विसरले. पहिल्यांदा चढवलेलं स्वेटर सुळकन खाली येऊन मुळांशी बसलं. मावशी पोट धरून हसली. "त्याला थंडी नाय वाजत, ताई, तेच सांगतंय ते," म्हणाली. पण दाभण धरायला तीच पुढे आली. तिच्या खिळ्यासाठी मी काजं करतात तशी एक फट मुद्दाम ठेवली. दुपारी खिळा त्यातून बाहेर आला आणि तिने त्यावर पहिला शर्ट अडकवला, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

आता इथे माझी चूक सांगायची. चूक म्हणावी का, तेही कळत नाही. चौकोनांच्या वरचा शेवटचा पट्टा माझा होता. उरलेली लोकर हिरवी आणि लाल होती, म्हणून हिरव्यावर लाल काठ विणला आणि खाली झालर सोडली. शेवटची गाठ मारली. आमच्या घरात नवीन काहीही आलं, शिलाई मशीन असो की गॅसची शेगडी, पहिलं हळदकुंकू लावायचं. हाताला वळणच ते. मी घरातून करंडा आणला, काठाच्या वर जिथे खोड उघडं होतं तिथे दोन बोटं टेकवली, आणि निघून भाजी टाकायला गेले. भाचीने फोटो काढला. तो एका स्थानिक वर्तमानपत्रात छापून आला. त्यात हिरवी साडी, लाल काठ आणि वर कुंकू एवढंच ठळक दिसत होतं. 'झाडे वाचवा' लिहिलेला आमचा फलक कडेला कापला गेला होता.

मंगळवारी सकाळी बघते तर झाडाशी दोन उदबत्त्या आणि फोडलेला नारळ. मी मावशीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. पुढच्या मंगळवारी ओटी होती.

झाडं तोडणारे आले तेव्हा आम्ही आठही जणी घोषणा पाठ करून उभ्या होतो. बोलायची वेळच आली नाही. ठेकेदाराचा माणूस गुलमोहरापाशी आला, थबकला, चपला काढल्या, नमस्कार केला आणि आपल्या लोकांना पुढच्या झाडाकडे घेऊन गेला. बाकीची झाडं दोन दिवसांत आडवी झाली. रस्ता गुलमोहराला वळसा घालून गेला. कॉलनीत पेढे वाटले. मीही खाल्ला. पण आमच्या विणकामाने झाड वाचलं की माझ्या दोन बोटांनी? दोन बोटांनी वाचलं असेल तर बाकीच्या झाडांना मी ती का लावली नाहीत? मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, वाचलं ना, मग झालं.

पण झालं नव्हतं. कॉलनीतल्या पुरुषांनी झाडाभोवती फरशीचा ओटा बांधला. आमचं स्वेटर तेलाने, गुलालाने चिकट झालं होतं, ते काढून जरीच्या काठाचं कापड गुंडाळलं. खिळ्याला घंटा बांधली. मग एका संध्याकाळी मीटिंग झाली. देवीपुढे निखारे, लोकांचे कपडे, गाडीशी मावशीने काढलेल्या चपला, हे बरं दिसत नाही, असं एकाने काढलं. सगळे अगदी सभ्यपणे बोलत होते. मावशीला दुसरीकडे कुठेतरी बघायला सांगू, घाई नाही, महिनाभर घ्या म्हणावं. मी तोंड उघडणार, इतक्यात त्यांनी मला पुढे बोलावलं आणि पहिली पूजा माझ्या हातून झाली म्हणून शाल आणि नारळ दिला. टाळ्या वाजल्या. शाल खांद्यावर घेऊन मी जागेवर जाऊन बसले. मी काहीच बोलले नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

मावशीने महिना घेतला नाही. चौथ्या दिवशी गाडी नव्हती.

तिचं घर शोधून जायला मला पाऊणएक वर्ष लागलं. लागलं म्हणजे काय, मीच लावलं. रेल्वे लाइनीपलीकडे एका खोलीत ती राहत होती. विजेची इस्त्री घेतली होती, घरोघर फिरून कपडे आणायची, जिने चढायची. गुडघे गेले होते. तिने मला चहा दिला, पोरांची विचारपूस केली. मी माफी मागायला गेले होते, पण कशाची मागायची ते शब्दांत बसेना. झाड वाचवल्याची? कुंकू लावल्याची?

शेवटी मी म्हटलं, "मावशी, माझ्यामुळे झालं हे."

"तुमच्यामुळं झाड राहिलं," ती म्हणाली. "तोडलं असतं तरी मी उठलेच असते ना? मी जाते की दर मंगळवारी. लय पावते म्हणतात."

मला धक्काच बसला. ती रांगेत उभी राहते, चपला लांब काढून ठेवते, तिच्याच खिळ्याची घंटा वाजवते. मी विचारलं, "काय मागता तिच्याकडे?"

शर्टाची कॉलर दाबत तिने मान वर न करता सांगितलं, "बसायला जागा."

पुढच्या मंगळवारी मीही गेले. कुंकवाची पुडी मुठीत होती. ती रांगेत माझ्यापुढे सहा-सात बायका सोडून उभी होती, तिने मला पाहिलं नाही. माझा नंबर आला तेव्हा जरीच्या कापडाच्या कडेला हिरव्या लोकरीचा एक धागा खोडाला चिकटून राहिलेला दिसला. कुंकू लावावं की तो धागा उपटून काढावा, मला कळेना. मागच्या बायका, पुढे व्हा हो, पुढे व्हा, म्हणत होत्या.