जयाबाईची उठबस

निपाणीच्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रविवारी लोक रांगेनं पुढं जातात आणि वेदीसमोरच्या लाकडी कठड्याशी गुडघे टेकतात. पाळकसाहेब भाकर आणि द्राक्षारस देत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येतात, हात वर करून आशीर्वाद देतात आणि मग सगळी रांग एकदम उठते. आधी कुणी उठत नाही, मागं कुणी राहत नाही. ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत त्यांना भोजन बाकावर आणून देतात.

माझी बायको जयाबाई वर्षभर बाकावरच होती. तिनं उभा जन्म विड्या वळल्या. मांडीवर सूप घेऊन, पाय दुमडून, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. त्यात साखरेचा आजार आला, वजन वाढलं आणि गुडघे गेले. मला लिहायची सवय नाही, त्यात बायकोबद्दल लिहायचं म्हणजे हात आखडतो. नीट जमेल का ठाऊक नाही. पण जे झालं ते डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

आमची नात तेजस्वी बेळगावला कॉलेजात आहे. तिचं दृढीकरण ईस्टरला ठरलं. म्हणजे त्या दिवशी ती पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार होती. पहिल्या वेळी घरातली थोरली बाई शेजारी गुडघे टेकते, अशी आमच्या घरची रीत आहे. माझ्या शेजारी माझी आजी टेकली होती, मुलाच्या शेजारी जयाबाई.

नाताळ होऊन गेला आणि पुढच्याच प्रभुभोजनाला जयाबाई कुणाला न सांगता बाकावरून उठून कठड्याशी गेली. कठडा धरून टेकली. पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, रांग उठली, जयाबाई मात्र तशीच. दुसरी रांग आली आणि गेली, तिसरी आली, तरी ती खाली मान घालून तिथंच. प्रार्थनेत असलेल्या माणसाला आमच्याकडं कुणी हात लावत नाही. बायका कुजबुजल्या, "बघा, केवढी तल्लीन झालीया!" पाळकसाहेब तिच्यापाशी आले, क्षणभर थांबले, तिच्या डोक्यावर हात ठेवून पुढं गेले. पुरुषांच्या बाजूला बसून मीही डोळे मिटून घेतले.

उपासना संपली, लोक बाहेर पडले. घंटा वाजवणारा मष्णू वेदीवरचं कापड घडी करायला आला, तेव्हा तिनं हळूच हाक मारली, "मष्णू, मला उठीव रं बाबा!"

 घरच्या दारात चप्पल काढताना ती म्हणाली, "आणि तुम्हीबी डोळं मिटून बसलासा व्हय?"

"मला वाटलं, तू प्रार्थनेत हाईस."

"व्हतेच की! 'देवा, कुणीतरी बघू दे' म्हणून!"

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात तिचं नाव घेतलं. आपल्या मंडळीत अशी प्रार्थना करणारी माणसं आहेत, असं म्हणाले. मी खाली बघत होतो. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं जयाबाईचा आवाज आला. ती उभी राहिली होती.

"पाळकसाहेब, प्रार्थना मिनिटभराची व्हती. बाकीचा येळ गुडघ्यानं खाल्ला."

सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबही हसले. हसणं थांबेपर्यंत ती उभीच राहिली आणि म्हणाली, "ईस्टरला नातीच्या शेजारी टेकणार हाय. आणि माझी मी उठणार." मग बसली.

आता सगळ्यांसमोर बोलून बसल्यावर माघार कशी घ्यायची?

डॉक्टरांनी गुडघे तपासले. मांडीत ताकद आणा, वजन उतरवा, पण घाई करू नका, असं सांगितलं. घरी आल्यावर मी शेजारच्या मारुतीरावांना विचारलं. ते तालमीतले जुने पैलवान, आता सत्तरी ओलांडलेले, तरी रोज पहाटे बैठका काढतात.

"वैनी, खाली बसायला काय, पोतंबी बसतंय," ते म्हणाले. "उठण्यात सगळी करामत हाय."

"तुमच्या तालमीत मारुतीसमोर बैठका काढतासा. मी कुणासमोर काढू?"

"तुमच्या येशूसमोर काढा की! माझं काय जातंय?"

त्यांनी युक्ती काढली. विटांची चळत रचून वर पाट ठेवला, जवळजवळ खुर्चीएवढा उंच. बाजूला खिडकीचे गज, धरायला. त्यावर बसायचं आणि उठायचं. अंगात बळ येईल तसा विटांचा एकेक थर काढायचा. शेवटी नुसता पाट राहील, मग जमीन.

पहिल्या सकाळी ती घामाघूम झाली आणि म्हणाली, "ह्यात मन रमंना." विड्या वळताना ती आजारी माणसांची, अडचणीतल्या माणसांची नावं घेऊन मनात प्रार्थना करायची. तेच तिनं इथं आणलं. एक उठणं एका माणसासाठी. खाली बसताना नाव घ्यायचं, उठताना ते देवाच्या हवाली करायचं. मग मात्र ती थांबेना. दमली की म्हणायची, "आता ताराबाईंचं नाव घेतलंया, त्यांना खाली सोडून कसं चालंल?"

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा तिनं चहातली साखर सोडली. बायकांच्या प्रार्थना सभेला प्रत्येक घरी भजी आणि गोड चहा असायचा. आमच्या घरच्या सभेला तिनं उकडलेल्या शेंगा आणि ताक ठेवलं. मालुबाई म्हणाली, "सभा हाय का दवाखाना गं?" पण शेंगा मात्र तिनंच दोनदा मागून घेतल्या.

गल्लीत बातमी पसरली. एके सकाळी मारुतीराव खिडकीबाहेर घुटमळले. "वैनी, आमची लेक बाळंतपणाला आलीया. एक तिच्यासाठी बी..."

"बसा तिथंच. दोन काढते."

ईस्टर जवळ आला आणि तिचा धीर सुटला. एके दिवशी तिनं दोन थर एकदम काढले. संध्याकाळी गुडघा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टर रागावले, मारुतीरावांनी कपाळाला हात लावला. आठवडाभर ती पलंगावर पडून होती.

मी म्हणालो, "अगं, बाकावर घे. बाकावर येतो तो दुसरा प्रभू हाय का?"

"त्योच हाय, ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "मला कुणाला दाखवायचं न्हाय. पर ती पोरगी टेकंल तवा तिच्या बाजूला मोकळी जागा दिसंल. ती मला बघवायची न्हाय."

 सूज उतरल्यावर मीच विटा पुन्हा रचून दिल्या, एक थर वाढवून.

ईस्टरच्या सकाळी चर्च भरलं होतं. तेजस्वी पांढरी साडी नेसून पुढं गेली, तिच्या शेजारी जयाबाई. दोघी टेकल्या. पाळकसाहेब भाकर देत गेले, द्राक्षारस देत गेले. त्यांनी हात वर केला, आशीर्वाद संपला. रांग उठली.

जयाबाई अर्ध्यावर आली आणि थांबली. एक गुडघा वर, एक खाली, हात कठड्यावर. बाजूनं मष्णू पुढं सरकला. तिनं मान हलवली आणि तो जागीच थांबला. या वेळी ती प्रार्थनेत आहे, असं कुणालाही वाटलं नाही.

मग तेजस्वी परत खाली टेकली. तिला बघून मालुबाई टेकली, तिच्या पलीकडची टेकली, आणि बघता बघता सगळी रांग पुन्हा गुडघ्यावर आली. मागची रांग थांबून राहिली.

"अगं, उठा की तुम्ही," जयाबाई पुटपुटली.

"तू उठलीस की उठतो, आज्जी," तेजस्वी म्हणाली.

जयाबाईनं डोळे मिटले. ओठ हलले. कुणाचं तरी नाव घेतलं असावं. मग कठडा धरून, हळूहळू, पण आपली आपण ती सरळ उभी राहिली, आणि तिच्याबरोबर सगळी रांग उठली.

माझ्या शेजारी चिकोडीहून आलेले एक पाहुणे बसले होते. त्यांनी वाकून विचारलं, "कोण हो त्या बाई?"

मी चर्चमध्ये मोठ्यानं बोलणारा माणूस नाही. पण त्या दिवशी पुढच्या चार बाकांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माझी बायको!"