मेधाचं ऑपरेशन मी ठरवलं

हे आमच्या ह्यांनासुद्धा ठाऊक नाही. माहेरी कधी बोलले नाही, देवापुढे नाही — देवापुढे तर मुळीच नाही, कारण जे केलं ते त्याच्याच नावाखाली केलं. तुम्ही अनोळखी, म्हणून जीभ रेटतेय. घरात कळलं तर माझ्या हातचं पाणी तरी कोण पिईल?

मी तशी फटकळ. नारायण पेठेत कुणालाही विचारा — जे असेल ते तोंडावर बोलते, खोटं खपवून घेत नाही, अशी माझी कीर्ती. ऐका आता या खरं बोलणारीचं.

मेधा माझी धाकटी जाऊ. हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. तेव्हा तिकडे निम्मी शेतंच होती अजून, लोक विचारायचे, एवढ्या लांब जाते कशाला? सकाळी कोपऱ्यावर कंपनीची बस यायची आणि ही ओले केस तसेच बांधून पळायची. दीर प्रोजेक्टसाठी अमेरिकेत. सासूबाई, आम्ही दोघं आणि मेधा — एकाच फ्लॅटमध्ये. मी बी.ए. होऊन घरी. हेवा वाटायचा का? वाटायचा. पण तोही सबब म्हणून सांगत नाही.

चाळिशी आली आणि तिच्या अंगावरून जायला लागलं. निम्मा महिना तेच. चेहरा पांढराफटक, जिना चढताना धाप. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये जास्तीची सलवार ठेवायची बिचारी. आमच्या घरात एरवी शिवाशिव उरली नव्हती — सुनेचा पगार येतो तिथे तिला कोपऱ्यात कोण बसवणार? पण गौरी-गणपतीत मात्र सासूबाईंचं सोवळं कडक. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मीच तिला आणून द्यायचे. मीही घ्यायचे. त्यात काही वावगं आहे असं आम्हा दोघींना वाटलंच नाही कधी.

त्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी ती पुरणपोळ्या लाटत होती. गोळ्या घेऊनही — मध्येच ती उठली, मागे हात लावून बघितलं आणि स्वतःच म्हणाली, "वहिनी, झालं." लपवलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण ती लपवणारी नव्हती. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सगळं पुन्हा करा." पुरण, सोळा भाज्या, खीर — सगळं मोलकरणीकडे गेलं. बाहेर सवाष्णी ताटकळलेल्या आणि मी घामाघूम होऊन नव्याने डाळ शिजत घालतेय. मेधा बाथरूममध्ये रडत होती. ऐकू येत होतं मला. दया नाही हो आली. राग आला. दर वर्षी माझ्याच मानेवर का, हा राग.

पुढे तिची गर्भाची पिशवी साफ करून तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी तिच्या ऑफिसात काहीतरी महत्त्वाचं होतं. म्हणाली, "वहिनी, तुम्ही जाल का? आणि ते फुग्याचं विचारा हं, नक्की." ऑफिसात इंटरनेटवर वाचलं होतं तिने. पोट फाडायला ती फार भ्यायची.

गेले. रिपोर्ट चांगला होता, कॅन्सर वगैरे काही नाही. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. दोन मार्ग आहेत. आत फुगा घालायचा, त्यात गरम पाणी भरून नुसतं अस्तर जाळायचं — टाका नाही, संध्याकाळी घरी. पण काहींची पाळी पूर्ण बंद होते, काहींची थोडी राहते, काहींना पुढे पिशवी काढावीच लागते. दुसरा मार्ग, आत्ताच पिशवी काढायची. रक्त कायमचं बंद. मात्र ऑपरेशन मोठं, शेजारच्या लघवीच्या पिशवीला क्वचित इजा होऊ शकते. त्या म्हणाल्या, "मी तर आधी फुगाच सुचवेन. पण तिला विचारा, घाई नाही."

मी काय ऐकलं, सांगू? "थोडी राहते." तेवढंच. म्हणजे पुन्हा गौरी, पुन्हा गोळ्या, पुन्हा मीच! येताना लक्ष्मी रोडला मी जास्वंदीची फुलं घेतली, हे आठवतं. तोवर माझं ठरलं होतं.

संध्याकाळी मेधा बसमधून उतरून आली, चप्पलसुद्धा काढली नव्हती तिने. मी म्हटलं, "फुग्याचं विचारलं गं. तुझ्या केसमध्ये नाही चालणार म्हणाल्या. पिशवीच काढावी लागेल." ती भिंतीला टेकली. "तुम्ही नीट विचारलंत ना?" मी म्हटलं, म्हणजे काय! दिराला फोनवर तेच सांगितलं. डॉक्टरीणबाईंना कळवलं, मेधानेच ठरवलंय, तिला कायमचा निकाल हवाय. दाखल झाल्यावर त्यांनी तिला विचारलं, "ठरलंय ना नक्की?" ती हो म्हणाली. त्यांनी तिला बसवून पुन्हा सगळं सांगायला हवं होतं — असं म्हणायचा मोह मला खूपदा झालाय. पण मध्ये भिंत घातली ती मी.

जे क्वचित होतं ते मेधाला झालं. घरी आल्यावर लघवी थेंब थेंब गळायला लागली, थांबेना. दोनदा पुन्हा शिवलं. कमी झालं, पण पूर्ण थांबलं नाही, आजतागायत नाही. हिंजवडीच्या बसमध्ये एवढा वेळ ती कशी बसणार? शेजारची मुलगी एकदा नाकाला रुमाल लावून उठून गेली म्हणे. त्यानंतर मेधाने नोकरी सोडली. दीर परत आला, पण त्या दोघांत काहीतरी विझलंच. आणि गौरी? "माझं सोवळं कुठलं आता, वहिनी," म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहते. पोळ्या मीच लाटते. जिचा विटाळ कायमचा संपवायला निघाले होते, तिला मी बारा महिने उंबऱ्याबाहेर ठेवलं.

तरी हेही सगळं नाही. मागच्या दिवाळीत तिची जुनी मैत्रीण घरी आली होती, त्याच कंपनीतली. बोलता बोलता म्हणाली, "अगं, मी तर फुग्याचंच करून घेतलं तेव्हा. तिसऱ्या दिवशी ऑफिसला! तू का नाही गं केलंस?" मी पोहे भरून बशा पुढे करत होते. मेधा हसली. किती दिवसांनी तो हसरा चेहरा बघितला मी. म्हणाली, "माझ्या केसमध्ये चाललंच नसतं. आमच्या वहिनींनी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं होतं. हो ना, वहिनी?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा तरी बोलता आलं असतं की नाही?

मी म्हटलं, "हो, विचारलं होतं ना." आणि मेधाला लिंबाची फोड दिली.