निर्मळ पानाची धास्ती

माघातल्या एका रविवारी धाकटी बहीण सुमन मला तिच्या गव्हाच्या वाफ्यांवर घेऊन गेली. तांबेरा रोगाला दाद न देणारं वाण तिने आठ वर्षं खपून तयार केलं होतं. यंदा ते टिकलं नाही, तर काम बंद होणार होतं. वाणाची परीक्षा व्हावी म्हणून, रोग पसरवायला भोवती रोगट गव्हाच्या ओळी तिनेच मुद्दाम पेरल्या होत्या. त्यांतून जाताना माझ्या पँटला तांबेऱ्याची विटकरी भुकटी लागली.

तिच्या वाणाची पानं मात्र निर्मळ होती. "जिंकलीस की गं!" मी म्हणालो.

"दादा, तू ऑफिसात बेरीज न तपासता सही करतोस का?" ती खेकसली. "रोग अजून इथवर आलाच नसेल तर?"

ती वाकून पान न् पान उलटू लागली. आमच्या घरात कधी वाद झाला नाही, असं मी अभिमानाने सांगतो. तेही असंच असेल का, वादाची वेळच अजून आली नसेल?

"सापडलं!" सुमन ओरडली. पानावर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके होते. तिने बोट घासून पाहिलं, भुकटी नव्हती. रोग आला होता, पण तो शिरला तेवढाच भाग पानाने स्वतःहून मारून टाकला होता, म्हणून तो पुढे पसरला नव्हता.

सुमन बांधावर मटकन बसली. "तांबेऱ्याला एवढंच दिलं बघ माझ्या वाणाने," ती म्हणाली.